काचेचे थेंब

तुम्ही खोदून खोदून विचारताय म्हणून सांगतो. नाहीतर दगड गोळा करणं का सोडलंत, असं दुकानात कुणी विचारलं की मी म्हणतो, डोळे कमजोर झाले. चष्मेवाल्याच्या तोंडून हे ऐकल्यावर लोक हसतात आणि विषय तिथेच मिटतो.

रविवारची दुपार होती. दुकान बंद. मी खिशात कापसाची पुरचुंडी घालून कप्तानाच्या घरी निघालो होतो. पुरचुंडीत टेक्टाइटचे दोन-तीन तुकडे होते. त्यांच्या बदल्यात त्याच्याकडून लोखंडी उल्केची एक चकती घ्यायची, असं आमचं ठरलं होतं. कप्तान म्हणजे बोटीवर आयुष्य काढून निवृत्त झालेला माझा मित्र, वयानं बराच मोठा. आम्हा दोघांना एकच खूळ, आकाशातून पडलेले दगड. पण त्याचा खरा जीव टेक्टाइटवर. टेक्टाइट म्हणजे उल्का नव्हे. लाखो वर्षांपूर्वी एखादा डोंगराएवढा दगड वरून आदळला, इथलीच माती वितळून आभाळात उडाली आणि काचेचे थेंब होऊन परत पडली, तेच हे थेंब. कप्तान म्हणायचा, "उल्का परकी रे. हे आपले. मार खाऊन आलेले."

त्याची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, त्या थेंबांना सवती म्हणायच्या. "भावजी, बघा, सवतींना कापसाच्या गाद्या आणि मला फाटकी चादर!" असं म्हणत चहा पुढे करायच्या. घर म्हणजे त्यांचा आवाज.

त्या दिवशी मात्र जिना चढताना काहीच ऐकू आलं नाही. कप्तानानं दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"आत ये. हळू बोल."

"वहिनींना बरं नाही का?"

त्यानं मला कपाटापाशी नेलं आणि थेंबांचा खण ओढला. त्या खणात प्रत्येक थेंबाला कापसात आपापला खळगा होता. आता सगळे खळगे रिकामे होते. थेंब खणाच्या एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसले होते. वादळात मेंढरं बसतात तसे.

"लावून ठेवतो. पाठ वळली की पुन्हा हे असं..."

"लोहचुंबक असेल कुठे जवळ."

"काच आहे रे ही! काचेला कसलं लोहचुंबक?"

बरोबर होतं. मग त्यानं आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बोट दाखवलं आणि कुजबुजत सांगितलं. दगडांच्या मागच्या प्रदर्शनात एका अनोळखी विक्रेत्याकडून त्यानं एक दगड घेतला होता. काळी जळकी साल, अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे, अस्सल उल्केची सगळी लक्षणं. विक्रेत्यानं तो चिमट्यानं उचलून दिला होता. याला वाटलं, हाताचा घाम लागू नये म्हणून जपतोय. घरी आणला आणि वहिनींनी, ज्यांनी कधी एका दगडाला बोट लावलं नव्हतं त्यांनी, तो सरळ मांडीवर घेतला.

"तेव्हापासून सोडत नाही. झोपतानाही पोटाशी. तू घेऊन जा तो. माझ्या हातात देत नाही, तुला देईल."

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या. शालीत गुंडाळलेला दगड तान्ह्या मुलासारखा छातीशी धरलेला. चेहरा तोच, हसूही तेच. फक्त पापणी लवत नव्हती. माझ्या धंद्यात ते लगेच लक्षात येतं.

"भावजी, आलात?" त्या म्हणाल्या. "गंमत दाखवू?"

कप्तान म्हणाला, "नको गं..."

त्यांनी खण उचलला आणि थेंब मधल्या गोल टेबलावर ओतले. टेबलाला कठडा होता. थेंब खडखडत पसरले, आणि दुसऱ्याच क्षणी वहिनींच्या विरुद्ध बाजूच्या कडेला घसरत गेले. वहिनी टेबलाभोवती चालू लागल्या. सावकाश. एक हात कठड्यावर. त्या जशा फिरत होत्या तसे थेंब कडेकडेनं त्यांच्यापुढे पळत होते. बारीक किणकिण, दात वाजल्यासारखी. भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. छातीवरच्या खिशातली माझी पुरचुंडीही आतल्या बाजूला, माझ्या फासळ्यांवर दाबू लागली होती.

"घाबरतात मला," वहिनी म्हणाल्या. "सवती ना!"

आणि हसल्या. त्या विनोदावर आम्ही इतकी वर्षं हसलो होतो, पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही हसू आलं नाही.

मी सगळा धीर गोळा केला. "वहिनी, तो दगड जरा भिंगाखाली बघू?"

वाटलं होतं, चिडतील. त्यांनी शाल सोडली आणि दगड माझ्या हातावर ठेवला.

"घेऊन जा की. आता काय काम त्याचं?"

दगड हलका होता, फार हलका. मी तो टेबलावर थेंबांच्या अगदी मधे ठेवला. एकही थेंब हलला नाही. वहिनी रिकाम्या हातांनी एक पाऊल पुढे आल्या मात्र, आणि सगळे थेंब सळसळत कठड्याला जाऊन भिडले.



दगड मी घेऊन आलो. करवतीनं कापला. आत पोकळी होती, मुठीएवढी, घासून पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत. उल्केच्या पोटात अशी पोकळी मी कधी पाहिली नाही, ऐकलीही नाही.

कप्तानाला मी परोपरीनं सांगितलं. डॉक्टरला दाखवा, निदान चार दिवस माझ्याकडे राहायला या.

तो फोनवर एवढंच म्हणाला, "लग्नाची बायको आहे रे. तिला टाकून कुठे येऊ?"

महिनाभरानं त्यानं आपणहून बोलावलं. आवाज मोकळा वाटला. गेलो. दार लोटलेलंच होतं. आत शिरून मी ते लावून घेतलं. वहिनींनी चहा आणला, माझ्या टकलावरून चेष्टा केली. कपाटातला खण उघडा होता आणि सगळे थेंब आपापल्या खळग्यात शहाण्यासारखे बसले होते. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी आत गेल्या तसा मी एक थेंब उचलायला गेलो. निघेना. दुसराही निघेना. थेंबांखाली कापसावर गोंद लावलेला होता.

मी कप्तानाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"तिला वाईट वाटतं रे... सगळे पळतात म्हणून. मी आहे ना, मी पळत नाही."

मी खाली मान घालून खणाशी चाळा करत राहिलो. एका थेंबाचा गोंद सुकून सुटला होता. तो घेऊन मी खिडकीसमोर धरला. उजेडात ही काच हिरवी दिसते. भिंग लावलं. अशा काचेत हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. काच थिजली तेव्हा जिथे होते तिथेच, कायमचे. काच फोडल्याशिवाय त्यांना सुटका नाही.

या थेंबातले बुडबुडे एका कडेला गर्दी करून चिकटले होते. मी थेंब बोटांत फिरवला. बुडबुडे काचेतल्या काचेत सरकले आणि पुन्हा त्याच दिशेला जाऊन दाटले.

वहिनींपासून लांब जाताहेत, असं मला वाटलं. मी भिंग डोळ्यावरून काढलं. वहिनी केव्हाच परत येऊन माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि बुडबुडे त्यांच्याच बाजूला होते.

ते पळत होते ते माझ्या पाठीमागच्या बाजूपासून, आणि तिथे फक्त बाहेरचं दार होतं.

वहिनी माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे पाहत होत्या. त्यांनी खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, भिंतीपर्यंत.

"भावजी..." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "येताना दार नीट लावलंत ना?"

बराच वेळ आम्ही तिघं दाराकडे बघत राहिलो. कुणी दार वाजवलं नाही, कुणी आलं नाही. शेवटी मीच ते उघडलं. जिना रिकामा होता. मी बाहेर पडल्यावर कप्तानानं आतून कडी घातली, मग दाराला काहीतरी जड ओढून लावल्याचा आवाज आला. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. दोनदा जाऊन आलो. आतून वहिनींच्या बोलण्याचा आवाज येतो, पण दार उघडत नाहीत.

तो थेंब गडबडीत माझ्या हातातच राहिला होता. रस्त्यात पाहिलं, तर बुडबुडे आता कुठल्याच कडेला नव्हते. थेंबाच्या बरोब्बर मधोमध, एकमेकांना घट्ट बिलगून बसले होते, जणू आता पळायला कुठलीच दिशा उरली नव्हती.

आज सकाळी पाहिलं. अजून तसेच आहेत.