पापांचा थांबवलेला खेळ

ओरिआनाने त्या अनोळखी तरुणाचं मनगटच धरलं.

“काय पुसतोयस?”

“खोटं विंडोज,” रामिरो हसला. “लिनक्सवर विंडोजचा गेम चालावा म्हणून हे फोल्डर असतं. गेम अडला, की आम्ही ते उडवतो आणि नवं बनवतो. सगळेच करतात.”

“आणि सेव्ह केलेला खेळ कुठे असतो?”

त्याचं हसू मावळलं. सेव्ह केलेला खेळ त्या फोल्डरातच होता.

उरुग्वेतल्या पायसांदू शहराच्या वाचनालयात दर शनिवारी काही हौशी मंडळी लोकांचे लॅपटॉप फुकट नीट करून देत. हा लॅपटॉप ओरिआनाच्या वडिलांचा, तिच्या पापांचा. मार्चमध्ये ते गेले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर, बंद पडलेला आपला रेल्वेमार्ग ते या गेममध्ये पुन्हा उभारत होते. नव्या अपडेटनंतर मात्र गेम उघडेनाच.

“मग घाई नको,” रामिरो हळूच म्हणाला. “गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या एकेक लावून बघू. वेळ लागेल... चालेल?”

“मला कुठे जायचंय?”

मग शनिवार येत राहिले. दोघं भोपळ्याच्या एकाच पेल्यातून, एकाच नळीने माते हा तिथला कडवट चहा पीत.

“बोटं केवढी गार तुझी!”

“बोटं कशाला बघतोस? पडद्याकडे बघ.”

“पडद्यावर काहीच नाहीये... अजून.”

आठवडाभर तिला शनिवारचीच ओढ लागे. त्या ओढीत दुःख जरा मागे सरे, आणि त्याची तिला लाजही वाटे.

पाचव्या शनिवारी तो माते न भरताच बसला.

“गेम गेल्याच शनिवारी सुरू झाला होता. तू गरम पाणी आणायला गेलीस, तेव्हा... मी बंद केला.”

“का?”

“तू पुन्हा आली नसतीस.”

“एक आठवडा, रामिरो! माझे पापा इथे होते, आणि मला ठाऊकच नाही.”

“चुकलो.”

त्याने गेम उघडला. पडद्यावर एक पिवळी आगगाडी फलाटाशी उभी होती. कोपऱ्यात ‘थांबवलेला’ अशी अक्षरं. तिचं बोट बटणावर अडखळलं.

“सुरू केला, तर पापांनी सोडला तसा नाही ना राहणार?”

“पहिल्याच दिवशी मी प्रत काढून ठेवलीय. ती तशीच राहील.”

ओरिआनाने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली.

“अजून रागावलेय मी.”

“दिसतंय.”

“पण... एकटीला नाही बघवणार.”

तिने बटण दाबलं. गाडी हलली, दोन स्टेशनं ओलांडून नदीकाठी थांबली. पुढे रूळच नव्हते; पापांचं काम तिथवरच झालं होतं.

मग तिने माउस त्याच्या हातात दिला, आणि आपला हात तिथेच राहू दिला.

“पूल घाल,” ती म्हणाली. “सरळ घाल हं. वाकडं काम पापांना खपत नसे.”