लेझरच्या वाटेत कोणीतरी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी मीठमसाला घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलं, आणि शेवटचा भाग मी स्वतः तिथे उभी राहून पाहिलाय. संस्थेचं नाव मात्र सांगणार नाही, कारण तो अजून याच क्षेत्रात आहे.

जागा म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेचं ग्रोनिंगन. दिवस दोन वर्षांपूर्वीचा, नाताळचा दुसरा. इथे दोन्ही दिवस सुट्टी असते. घड्याळात दुपार होती...

पण डिसेंबरात तिकडे साडेचारलाच अंधार पडायला लागतो.

माझा धाकटा भाऊ राजस तिथे पीएचडी करत होता. मी आणि माझा नवरा ऋषभ अ‍ॅमस्टरडॅममध्ये, बुइटनव्हेल्डर्टला राहतो. दोघंही आयटीत. ट्रेनने जेमतेम अडीच तासांचं अंतर, पण महिनोन् महिने भेट व्हायची नाही.

राजसचं काम मला त्याने एकदा सोपं करून सांगितलं होतं. सोन्याचा अगदी पातळ थर घ्यायचा. त्यावर लेझरचा एक ठोका मारायचा आणि लगेच पाठोपाठ दुसरा. पहिल्याने धातूतले इलेक्ट्रॉन तापतात. दुसऱ्याने ते कसे निवतात ते कळतं. हे सगळं पापणी लवायच्या कितीतरी आत होऊन जातं.

लॅब तळघरात होती. खिडकी नाही. चारी बाजूंनी काळे पडदे. मधोमध हवेवर तरंगणारं जड लोखंडी टेबल, बाहेरून बस गेली तरी हादरा लागू नये म्हणून. त्याला कोणी हात टेकला की ते किंचित दबतं, फुस्स करून हवा सोडतं आणि पुन्हा सरळ होतं.

हे लक्षात ठेवा.

तो तिथे फार एकटा पडला होता. संध्याकाळ झाली की बाकीचे सायकलींवर बसून घरी. त्याच्या खोलीवर कोणी यायचं नाही. एकदा फोनवर म्हणाला, "ताई, काल दिवसभरात मी एकच वाक्य बोललो. आल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या काउंटरवर. पावती नको म्हणून."

मी हसले. तो हसला नाही.

डिसेंबर लागला आणि त्याचा आवाज एकदम बदलला. खुलला. मला वाटलं, पोरीबिरीचं काहीतरी असेल. बरं वाटलं. मी आडून आडून विचारलं, तर म्हणाला, लॅबमध्ये सोबत असते हल्ली.

कोणाची, विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. तो टेबलापासून लांब, कॉम्प्युटरसमोर बसलेला असायचा. स्क्रीनवर एकेक ठिपका उमटत रेघ वर चढत असायची. खोलीत दुसरं कोणी नसायचं. आणि मग...

फुस्स.

कोणीतरी टेबलावर हात टेकल्यासारखं.

त्याच क्षणी रेघ सपाट. म्हणजे लेझर पोचतच नाही. म्हणजे वाटेत काहीतरी आलंय. थोड्या वेळाने आपोआप सगळं पुन्हा सुरू.

त्याने हवेच्या नळ्या बदलल्या. आरसे तपासले. मशीनवाल्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. कुठेच बिघाड नाही. एक दिवस वैतागून राजस मराठीत म्हणाला, बाजूला हो ना जरा.

रेघ वर चढली.

माझ्या अंगावर काटा आला. पण राजस हे सांगताना घाबरलेला नव्हता. त्याला आनंद झाला होता. कितीतरी महिन्यांत कोणीतरी त्याचं ऐकलं होतं.

नाताळच्या सुट्टीत त्याला मी घरी बोलावलं. आला नाही. साताऱ्याहून आईचे फोन यायचे, तेही उचलेना. एकट्याने लेझर चालवायचा नाही असा तिथे नियम आहे. मी आठवण करून दिली.

तो म्हणाला, "एकटा कुठेय मी?"

दुसऱ्या दिवशी मी थालीपीठं बांधून घेतली आणि ट्रेनमध्ये बसले. ऋषभला ताप होता, म्हणून एकटीच. बाहेर धुकं. ग्रोनिंगनला उतरले तेव्हा दिवे लागलेले, रस्ते ओस.

राजस दार उघडायला खाली आला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर हसू. चल, दाखवतो, म्हणाला. डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अख्ख्या इमारतीत आमच्या दोघांच्या पावलांशिवाय आवाज नव्हता.

लॅबच्या दारावर लाल दिवा जळत होता. आत जायच्या आधी त्याने मला जाड गॉगल घालायला लावला. हा प्रकाश धड दिसत नाही, पण डोळ्यात गेला तर क्षणात डोळा जातो. हेही मला त्यानेच पूर्वी सांगितलं होतं.

आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. पंख्यांची घरघर. स्क्रीनवर ठिपके. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, याला गोड बोलून घरी न्यावं, डॉक्टरला दाखवावं.

आणि मग...

फुस्स.

टेबल आमच्यापासून सात-आठ हात लांब होतं. त्याची पलीकडची कड दबलेली मला स्पष्ट दिसली. रेघ सपाट झाली.

राजसने तिकडे बघून मान हलवली. पाहुणा आल्यावर हलवतो ना, तशी.

"ही माझी ताई," तो म्हणाला. माझ्याशी नाही.

मग त्याने हळूच बाजूला व्हायला सांगितलं. रेघ वर चढली.

निघूया, मी म्हटलं. तो उठला, पण दाराकडे वळलाच नाही. टेबलाकडे गेला. म्हणाला, या गॉगलमुळेच तो दिसत नसेल. गॉगल हाच प्रकाश अडवतो ना.

"एकदाच बघतो, ताई. इतके दिवस येतोय तो. मला त्याचा चेहरा माहीत नाही."

मी उठेपर्यंत त्याचा हात गॉगलवर गेला होता. मी धावले. पायात वायरी अडकल्या. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज आला, या वेळी जोरात. माझी नजर स्क्रीनवर गेली. रेघ सपाट.

त्यानंतर राजस वाकला. उघड्या डोळ्यांनी. बरोबर लेझरच्या रेषेत.

मी त्याची कॉलर धरून मागे ओढलं. दोघंही जमिनीवर पडलो.

तो वाकायच्या आधी रेघ सपाट झाली होती. आधी. हे मी शंभर वेळा आठवून पाहिलंय. राजस तिथे पोचायच्या आत वाटेत दुसरं कोणीतरी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं. दोन्ही डोळे ठणठणीत.

पण तेव्हा राजस त्या जमिनीवर बसून रडत होता. डोळे दुखतात म्हणून नाही.

"काहीच दिसलं नाही गं," एवढंच म्हणत होता.

मी त्याला लेझर बंद करायला लावला. पंखे थांबले. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. दारातून त्याने मागे वळून बघितलं. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. तोही सवयीने म्हणाला,

"येतो."

जातो म्हण, मी त्याच्या कानाशी म्हटलं. तो म्हणाला नाही. मी दार ओढून घेतलं.

पुढे मी तिथल्या जुन्या माणसांकडे चौकशी केली. त्या खोलीत कधी कोणी मेलं नाही. साधा अपघातही नाही. इमारतीखाली काही जुनं दफन वगैरेही नाही. तिथे आधी नुसतं कुरण होतं, गायींचं.

राजसने ते काम सोडलं. आता तो नायमेखनला असतो. लॅबला खिडक्या आहेत, सोबत माणसं आहेत. जेवतो, झोपतो, आईचे फोन घेतो. मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

गेल्या महिन्यात कळलं की ग्रोनिंगनची ती जुनी इमारत रिकामी झाली. सगळं सामान नव्या जागी नेलं. तळघराला कुलूप.

राजसला ते माझ्या आधी कळलं होतं. तो एक दिवस रजा टाकून ट्रेनने तिथे जाऊन आला होता. मला न सांगता. आत सोडत नाहीत म्हणून दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पावसात.

मी विचारलं, कशाला गेला होतास?

तो म्हणाला,

"तिथे आता कोणीच जाणार नाही ना, ताई."