थेंबभर कात्री

प्रेमाला निमित्त लागत नाही, असे जे मानतात त्यांनी सहार विमानतळाच्या मालगोदामात एक दुपार काढून पाहावी. तिथे निमित्तावाचून कुणाला आतच सोडत नाहीत.

डॉ. मृणालिनी तेंडोलकर तिथे पहिल्यांदा गेली ती १९८२ च्या मे महिन्यात, आणि तिचे निमित्त होते थर्मोकोलचा एक खोका. खिडकीपाशी माल सोडवून देणारा एक कारकून उभा होता; उंच, सावळा, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. खोका उघडून समोर ठेवलेला, आणि हा गृहस्थ अतिशय गंभीरपणे तक्रारअर्ज लिहीत होता.

"काय लिहिताय?" तिने विचारले.

"माल चोरीला गेलाय मॅडम. एवढा खोका परदेशातून आला आणि आत ही बोटभर कुपी. तीपण रिकामी."

तिने कुपी उजेडात धरली. तळाशी एक थेंब होता.

"हाच माल आहे."

"हा? काय आहे ह्यात?"

"कात्री."

त्याने कुपीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आमच्या गावचा न्हावीसुद्धा आधी कात्री दाखवतो, मॅडम."

ती हसली... आणि हसता हसताच तिने खोक्याच्या तळाला हात लावला. परदेशात भरलेला कोरडा बर्फ वाटेतच उडून गेला होता. थर्मोकोल उन्हातल्या पायरीसारखे कोमट लागत होते. तिचा चेहरा उतरला. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबच लांब सूत्र असते, तिने सांगितले. तो जीव कसा घडायचा ते सारे त्यावर लिहिलेले असते. ह्या थेंबातले द्रव्य ते सूत्र ठरावीक जागीच कापते. कापल्यावाचून ते वाचता येत नाही, जोडताही येत नाही. आणि हे द्रव्य उष्णतेने मरते.

"मग ही...?"

"मेली."

त्याने तक्रारअर्ज फाडला. "मेलेल्याची तक्रार घेणारी खिडकी इथे नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि हे तो थट्टेने म्हणाला नाही, हे तिच्या ध्यानात राहिले.

त्याचे नाव अर्बन किनी. सहार गावचा. ज्या जमिनीवर हे गोदाम उभे होते तिथे त्याच्या बापाचे भात पिकत असे. मृणालिनी बोरीवलीची, संपात घरी बसलेल्या गिरणी कामगाराची मुलगी. अंधेरीच्या ज्या प्रयोगशाळेत ती काम करी, तिथे जिवांच्या ह्या सूत्राला हात घालणारी ती पहिलीच. पुढे देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांनी तिच्या हातची कात्री वापरली. पण ते फार नंतरचे. त्या वर्षी तिची चार खोकी आली आणि त्यांतली दोन मेलेली निघाली. खोका येण्याच्या दिवशी तिचा हात कपाटातल्या निळ्या साडीकडेच का जातो, ह्याचा तिने जाणूनबुजून विचार केला नाही.

"आज जिवंत आहे का हो?" अर्बन खिडकीतूनच विचारी.

"प्रयोग केल्याशिवाय कसं सांगू?"

"तोंडावरून तर जिवंत दिसते."

"कात्रीच्या?"

"तुमच्या," तो म्हणे, आणि लगेच कागदांत डोके घाली.

पुढल्या फेब्रुवारीत एकदा, गोदामाबाहेरच्या टपरीपाशी चहा घेताना तिने त्याला आपले गुपित सांगितले. चारकोपच्या खाडीतल्या चिखलात तिला एक जिवाणू सापडला होता, आणि तोही अगदी अशीच कात्री तयार करतो, असा तिचा कयास होता.

"म्हणजे कात्री इथेच होणार?"

"कयास खरा ठरला तर."

"मग खोकी बंद."

"बंद."

त्याने पेला खाली ठेवला. "आणि खोक्यासाठी येणारी माणसं...?"

"त्यांना इथे काय काम उरणार?" ती म्हणाली. जे सिद्ध झालेले नाही ते बोलायचे नाही, ही तिची आजवरची शिस्त; त्या क्षणी तीच शिस्त तिला पहिल्यांदा भ्याड वाटली.

अर्बनने टपरीवाल्याला दोन चहांचे पैसे दिले. मग म्हणाला, "तरी व्हायलाच पाहिजे ती. तुम्ही इतकी खोकी पुरलीत."

कयास सिद्ध करण्याचा मार्ग एकच होता. एकच सूत्र घ्यायचे, अर्धे परदेशी कात्रीने कापायचे, अर्धे चारकोपच्या. तुकडे तंतोतंत जुळले तर जिंकली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, प्रयोगशाळेतल्या कामाचा आढावा घेणारी समिती यायची होती. तोवर पुरावा नसेल तर हे काम थांबवून तिला दुसऱ्याच्या हाताखाली देण्याचे प्रमुखांनी ठरवले होते. तुलनेपुरता शेवटचा खोका तिने मागवला. तो उतरला गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी गुड फ्रायडे, शनिवारी सही करणारे साहेब रजेवर, रविवारी ईस्टर.

"सोमवारी या," अर्बन म्हणाला.

"बर्फ शुक्रवारी दुपारपर्यंतच टिकेल."

"सोमवारी या, मॅडम."

ते तीन दिवस मृणालिनीने बोरीवलीच्या दोन खोल्यांत कसे काढले हे तिलाच ठाऊक. रविवारी तिने समितीपुढे करायच्या निवेदनाचा मसुदा लिहिला. त्यात 'पुराव्याअभावी' हा शब्द तीनदा आला. आईने डोळे का सुजलेत म्हणून विचारले, तेव्हा तिने कांद्याचे नाव घेतले, आणि त्या दिवशी घरात कांदा चिरलाच नव्हता.

सोमवारी ती गोदामात पोहोचली तेव्हा खिडकीत अर्बन नव्हता. सह्या झालेले कागद आणि खोका घेऊन पहाऱ्यावरचा धोंडू तिची वाट पाहत होता. तिने खोक्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तळहाताला चटका बसला होता... थंडीचा. आत चुरलेला बर्फ होता, आणि त्यात खडेमिठाचे दाणे.

"बर्फात मीठ कुणी घातलं?"

"तुमच्या माणसान," धोंडू म्हणाला. "गावात लग्नाक आइस्क्रीमचो पॉट तोच फिरयता मा. मीठ घातला काय बर्फ दुप्पट गारठता, म्हणालो. आत बसूची मोठ्या सायबांची चिठ्ठी घेऊन तो तीन दिवस हयसरच बसान होतो. दर चार तासांनी जुनो बर्फ काढी, नवो भरी. मी म्हटलंय, रे, आज तुमचो शुक्रवार, देवळात तरी जा. तर तो म्हणालो, ह्या मेला तर तिचा वर्ष मरतला."

"आता कुठे आहेत ते?"

"घराक. हात सोलवटले हत दोनय."

'तुमचा माणूस' हा शब्द तिने दुरुस्त केला नाही.

मंगळवारी संध्याकाळी, प्रयोगशाळेतल्या काळ्या पडद्याआड, अतिनील दिव्याखाली तिने पाहिले. डावीकडे परदेशी कात्रीने कापलेल्या तुकड्यांचे नारिंगी पट्टे, उजवीकडे चारकोपच्या. एकेका पट्ट्यावर तिने पट्टी आडवी धरून पाहिली, तीनतीनदा. रेषेला रेष जुळत होती. बुधवारी समितीने एकच प्रश्न विचारला: परदेशी माल एवढ्या सुट्ट्यांत जिवंत कसा राहिला? तिने उत्तर दिले, "राखणारा माणूस होता म्हणून."

तिथून ती परस्पर सहार गावात गेली. क्रुसाजवळच्या कौलारू घराच्या ओट्यावर अर्बन बसला होता, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून. दारात त्याची आई, उर्सुला, सुपात तांदूळ निवडत होती.

"जुळले," मृणालिनी त्याला म्हणाली. एवढेच. त्याने मान खाली घातली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला दुसरीकडे पाहावे लागले.

"म्हणजे खोकी बंद," तो म्हणाला.

"हो, बंद."

"तीच काय ती?" उर्सुलाने सूप बाजूला ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता; तो असता तर बरे, असे मृणालिनीला वाटले. "बाय, बारा वर्सं माझा पोर शुक्रवारी क्रूस उचलते. त्याच्या बापाची जागा हाय ती. ह्या वर्साला तीन वाजले, लोक उभे, नि खांदा द्यायला हा नाय. अख्खं गाव मला विचारते, उर्सुला, तुझा अर्बन कुठं? मी काय सांगू? बर्फ भरते?"

"माय, राहू दे," अर्बन पुटपुटला.

"नाही, त्यांना बोलू दे." मृणालिनी ओट्याखाली उभी होती, उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती. "चूक माझ्यामुळे झाली. कुणी विचारलं तर... माझं नाव सांगा."

"नाव सांगीन. पण कोण म्हणून सांगू?"

शेजारच्या घरातला रेडिओ तेवढ्यात कुणीतरी बंद केला. अर्बनने वर पाहिले. त्याच्या नजरेत विनवणी होती, पण कशाची — बोल म्हणून, की बोलू नकोस म्हणून — हे तिला कळले नाही, आणि विचारून घेण्याइतका वेळ नव्हता.

"त्याची म्हणून," ती म्हणाली.

उर्सुलाने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. कपाळावरच्या कुंकवापाशी तिची नजर अंमळ थांबली. मग तिने अर्बनच्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिले, एक सुस्कारा टाकला आणि ओट्यावरचे सूप उचलून आपल्या मांडीवर घेतले. तेवढी जागा मोकळी झाली.

"बस मग," ती म्हणाली. "उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाय ही."