खिशातली चाचणी

संशय घेणं हीच माझी नोकरी आहे. आमच्या लॅबमध्ये फोन बनत नाहीत. बनलेल्या फोनचा प्रोसेसर कधी पळवायचा आणि कधी बसवून ठेवायचा, एवढंच आम्ही ठरवतो. फार पळवला तर दुपारीच बॅटरी मान टाकते. फार आवळला तर माणूस स्क्रीनवर बोट आपटत बसतो आणि फोनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. या दोहोंच्या मधली वाट काढायची, आणि बॅटरी कुठे गळत असेल तर चोर शोधायचा. कारण बॅटरी उगाच संपत नाही, कुणीतरी ती खात असतं. हे काम करून करून माझा स्वभावच तसा झालाय. फ्रीजमधलं दूध कमी दिसलं तरी मी आधी घरातल्या माणसांकडे बघते.

घरात माणसं म्हणजे बाबा आणि मी, आणि रविवार सोडून रोज दिवसभर बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशी.

बाबांनी जन्मभर नकाशे काढले. मी लहान होते तेव्हा त्यांच्या टेबलाखाली बसून पेन्सिलींना टोक काढून द्यायची आणि ते न बघता हात पुढे करायचे. आता त्यांना स्वतःच्या घराची वाट आठवत नाही. विसरण्याचा आजार आहे, आणि त्यात भर म्हणजे पाय स्वस्थ बसत नाहीत. केव्हाही उठतात आणि चालू लागतात. म्हणून त्यांच्या शर्टाच्या खिशात मी फोन ठेवला आणि खिशाला बटण शिवलं. तो फोन चालू असेपर्यंत ते कुठे आहेत हे मला माझ्या फोनवर दिसतं. फोन बंद पडला की बाबा हरवले. एकदा तसं झालं. आम्हाला ते सापडले तेव्हा दिवस मावळत आला होता. कालव्यापलीकडे जुन्या गोदामांची लांबलचक भिंत आहे, तिच्या कडेला ते अनवाणी उभे होते आणि तळपाय फुटले होते. मी रस्त्यातच ढसाढसा रडले. यापुढे काही झालं तरी हा फोन मरू द्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

मग मी त्यांच्यासाठी सेटिंग जुळवायला बसले. फोनच्या प्रोसेसरमध्ये आठ कोर असतात. आठ कामगारच म्हणा. चार कमी खाऊन सावकाश काम करणारे, चार खादाड पण झपाट्याचे. मी खादाडांना पार झोपवलं. स्क्रीनला बोट लागलं तरच त्यांनी उठायचं, काम करायचं आणि लगेच परत झोपायचं. एरवी जागा सांगत राहण्याचं बारीक काम काटकसरी चौघांकडे. पुष्कळ खटाटोप केला, पण जमलं. जो फोन जेमतेम दिवस काढायचा, तो दोन दिवस आरामात चालू लागला.

आमच्या लॅबचा एक जुना नियम आहे. कुठलीही सेटिंग आधी स्वतःच्या फोनवर चालवायची आणि मगच दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा. आम्ही त्याला खिशातली चाचणी म्हणतो. मीही आधी माझ्या फोनवर चालवली आणि मग बाबांच्या फोनवर टाकली. आमच्या मॅडमना आकडे दाखवले तर त्या खूश झाल्या.

"घरच्यासाठी केलेलं काम नेहमी चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याही फोनवर टाक. ठीक वाटलं तर पुढच्या अपडेटमध्ये सगळ्यांनाच देऊ."

थोडेच दिवस गेले आणि बाबांच्या फोनची बॅटरी पुन्हा गळू लागली.

आलेख काढून बघितला. भर दुपारी, एकाएकी, चारही खादाड कोर पूर्ण वेगाने पळत होते. स्क्रीन काळी. बोट लागल्याची खूण नाही. कुठला कॉल नाही, मेसेज नाही. थोडा वेळ नुसते जिवाच्या आकांताने पळत होते आणि पुन्हा झोपत होते. काम काय केलं, त्याचा मागमूस नाही.

माझा संशय अर्थातच मावशींवर गेला. बाबा डुलकी घेत असताना या बाई त्यांच्या फोनवर मालिका बघत असणार आणि मग सगळं पुसून टाकत असणार. मी सरळ विचारलं.

मावशींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "ताई, त्यांच्या खिशाचं बटण तुम्ही शिवलंय. ते मला उघडतासुद्धा येत नाही, इतकं घट्ट आहे." मग स्वतःचा फोन काढून माझ्यासमोर धरला. "माझा बघायचा तर बघा. पण त्यांच्या फोनचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तो तापतो. बाबा झोपलेले असतात, फोन खिशात असतो, आणि शर्टावर हात ठेवला तर कपाळ तापल्यासारखं लागतं. तो तापला की बाबा उठतात."

"उठल्यावर तापत असेल," मी म्हटलं.

"नाही ताई. आधी तापतो."

मला स्वतःची लाज वाटली, पण संशय काही गेला नाही. तो फक्त मावशींवरून उठून फोनवर जाऊन बसला. कुणीतरी आत शिरलंय, पाळत ठेवतंय, असं धरून मी तो पार पुसला आणि सगळं नव्याने भरलं. तरी आलेखावरचा उंचवटा जिथल्या तिथे. बाबा कुठे कुठे गेले याची नोंद शेजारी ठेवली. प्रत्येक वेळी आधी उंचवटा, मग बाबांची हालचाल. क्रम कधीच उलटला नाही.

मी रजा टाकून घरी बसले. जेवण झालं, बाबा आरामखुर्चीत पेंगले. मी त्यांच्या छातीवर, खिशावरून हात ठेवला. आत त्यांचं हृदय संथ चाललं होतं. मग माझ्या तळव्याखाली फोन कोमट झाला, आणि बघता बघता चांगलाच गरम झाला. बाबांनी डोळे उघडले. माझा हात हळूच बाजूला केला, चपला घातल्या आणि दार उघडून निघाले.

मी मागोमाग गेले. एरवी त्यांना न्हाणीघर कुठे आहे ते सांगावं लागतं. आता ते पट्टी ठेवून रेघ ओढावी तसे सरळ चालले होते. कुठे थांबणं नाही, कुणाला विचारणं नाही. पूल ओलांडला आणि गोदामांच्या भिंतीशी आले. ती नुसती भिंत आहे. तिला ना दार, ना खिडकी. मध्येच एक गंजलेला पाइप वरून खाली उतरतो, इतकंच. मागच्या वेळी बाबा पाइपच्या अलीकडे सापडले होते. आता ते पलीकडे जाऊन उभे राहिले. तोंड भिंतीकडे नव्हतं. भिंत उजव्या हाताला ठेवून ते समोर बघत होते.

"बाबा, इथे काय आहे?"

"दिसत नाही का? रांग आहे."

हा माणूस आयुष्यात कधी रांगेत उभा राहिला नाही. रांग दिसली की उलट पावली फिरायचा. आई त्यावरून त्यांना जन्मभर टोमणे मारत राहिली. आणि आता ते हात मागे बांधून शहाण्या मुलासारखे उभे होते.

"कशाची रांग?"

"पुढे गेल्यावर कळेल." ते एक पाऊल पुढे सरकले आणि थांबले. मग मागे वळून त्यांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांच्या पाठीमागे एका माणसापुरती जागा त्यांनी सोडली होती. मी तिथे पाय ठेवणार, तेवढ्यात त्यांनी हाताने अडवलं.

"अजून नाही. तुला बोलावल्यावर ये. जागा मी धरून ठेवलीय."

मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं. आल्या आल्या त्यांच्या फोनमधले चारही मोठे कोर कायमचे बंद केले. बोट लागो, काही होवो, उठायचंच नाही. फोन गोगलगाय झाला तर होऊ दे. शेवटी तो काही कामासाठी नव्हताच, बाबांना राखण्यासाठी होता.

उपाय लागू पडला. फोन गार राहिला आणि बाबा घरात राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते दिवसभर खिशावर हात ठेवून बसायचे, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसासारखे. जेवण निम्म्यावर आलं.

"नंबर गेला आमचा," एकदा ते मावशींना म्हणाले. "माझं राहू दे. पण पोरीला आता पार मागे उभं राहावं लागेल."

मॅडमना मी अपडेट थांबवायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. फोन तापतो आणि माझे वडील रांगेत उभे राहतात, हे लॅबमध्ये सांगायचं कसं?

"माझ्या फोनवर तर काही त्रास नाही," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला, गरम चहाचा कप घ्यावा तसा. "तू थोडी विश्रांती घे. बाबांचं तुझ्यावर फार पडतंय."

रविवारी सकाळी अपडेट सगळ्यांना गेलं.

मावशी नव्हत्या. बाबांना मी जेवू घातलं, खुर्चीत बसवलं, पायांवर चादर घातली. मग भांडी घासायला घेतली. नळ चालू होता आणि माझ्या हातात साबण लावलेली ताटली होती. कमरेपाशी, खिशात, काहीतरी कोमट लागलं.

माझा फोन. पहिली चाचणी माझ्याच खिशात झाली होती, आणि ती सेटिंग मी कधी काढलीच नव्हती.

काढायला हवी, असं मनात आलं. आधी हात पुसावेत, मग काढावी.

ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा माझ्या उजव्या हाताला भिंत होती.

हात अजून ओले होते. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात बाबांची. गंजलेला पाइप समोर दूरवर दिसत होता. मी त्याच्या खूप अलीकडे होते.

नळ चालूच राहिला असणार. दारही उघडंच. आणि घरी बाबा एकटे.

फोन काढून बघितला. बॅटरी भरपूर होती. बाबांचा निळा ठिपका घरात होता, जागचा हलत नव्हता. मला इतकं भरून आलं की मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, आले हं मी, लगेच आले."

मी मागे वळले. समोर एक पूल होता आणि पुलापलीकडे रस्ते. त्यातला घराकडे कुठला जातो, ते मला आठवेना.

पुलावरून एक बाई येत होत्या, सरळ, कुठेही न थांबता. घरातला गाऊन, केस अर्धवट विंचरलेले. माझ्या मागे येऊन थांबल्या. मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

"शेवटच्या तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या पाठोपाठ पुलावर आणखी माणसं दिसू लागली होती, एकामागे एक, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"हो," मी म्हटलं, आणि एक पाऊल पुढे सरकून त्यांना जागा करून दिली.