पलंगाची दाराकडची बाजू

ही गोष्ट माझ्या आईची आहे. आणि खरी आहे.

ऐकून कुणी हसलं तरी चालेल. मी औषधांच्या दुकानात काम करते. झोप येत नसेल तर गोळी असते, खोकला असेल तर बाटली असते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दुपारपर्यंत.

हो, दुपारच.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. आमची भर दुपारची आहे. दादाच्या घरातली. उन्हाळ्याचे दिवस, खाली रस्त्यावर हॉर्न वाजतायत, शेजाऱ्यांचा टीव्ही चालू आहे... अशा वेळची.

त्याला कारण आहे. आमचे बाबा छापखान्यात होते. कायमची रात्रपाळी. गाव झोपलेलं असताना ते वर्तमानपत्र छापायचे, आणि सकाळी घरी येऊन, जेवूनखाऊन दुपारी झोपायचे. आई घरातलं आवरून त्याच वेळी शेजारी आडवी व्हायची. नवरा-बायकोच्या वाट्याला एकत्र झोप यायची ती तेवढीच. आई भिंतीकडे, बाबा दाराकडे.

बाबा टेकले की आधी पलंग करकरायचा. मग ते मोजे काढायचे. मग म्हणायचे, "हुश्श."

ते हुश्श ऐकलं की आम्ही भावंडं तोंडाला कुलूप लावायचो.

बाबा गेले तेव्हा दादाने आईला आपल्याकडे राहायला बोलावलं. आईने एकच अट घातली. "पलंग टाकायचा नाही."

आता वहिनीबद्दल सांगते. माझी वहिनी म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करणारी बाई. तिच्यासमोर फार वेळ एका जागी बसू नये, तुमच्यावरही कव्हर चढवील. सासूसाठी अडगळीची खोली सजवायची म्हटल्यावर तिच्या अंगात वारंच संचारलं.

आणि खोटं कशाला बोलू, खोली तिने देखणी केली. एक भिंत गडद निळी, बाकीच्या पांढऱ्या. रंग स्वतःच लावला, आठवडाभर नखं निळी होती. जुन्या चादरींचे पडदे शिवले, खाली नाजूक पट्टी लावून. वेताची टोपली उलटी टांगून दिव्याची शेड केली. भंगारवाल्याकडून आरसा आणला, त्याची चौकट घासूनपुसून चकचकीत केली. गालिचाच्या दुकानातून उरलेला तुकडा मागून आणला. एकावर एक दोन जुन्या सुटकेसी ठेवल्या आणि झालं उशाशी टेबल.

फक्त पलंग बसेना.

तो लावला की दारच उघडायचं नाही. मग वहिनीने डोकं चालवलं. सुतार बोलावला आणि पलंग उभा मधोमध कापून घेतला. भिंतीकडचा अर्धा, त्याला नवे पाय जोडून, आईसाठी खोलीत. दाराकडच्या अर्ध्याचे पाय आखूड करून, वर गादीचा तुकडा टाकून, बाक. तो बाक बाहेरच्या दाराशी. बसून चपला-बूट घालायला.

आई तेव्हा माझ्याकडे होती. तिला चकित करायचं म्हणून कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आईंचा पलंगही राहिला, आणि बाकही झाला," वहिनी मला फोनवर म्हणाली. मीही वाहवा केली. मनापासून केली. तिचा जीव होता आईवर, यात तिळमात्र शंका नाही.

आई आली. खोली बघून तिचे डोळे भरून आले. निळ्या भिंतीवरून हात फिरवला, दिवा लावून बघितला. मग पलंगावर बसली आणि कापलेल्या कडेवरून बोटं फिरवत राहिली.

"आणि ह्यांची बाजू?"

वहिनीने हौसेने नेऊन बाक दाखवला. त्यावर दादाचे बूट ठेवलेले होते.

आई त्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान केलंस गं."

दुसऱ्या दिवशी बाकावरचे बूट खाली होते. ओळीने, भिंतीला लावून.

वहिनीला वाटलं, आईने ठेवले असतील. आईला वाटलं, वहिनीने.

मग ते रोजच होऊ लागलं. सकाळी बूट बाकावर... दुपारी खाली. कुणीतरी झोपायच्या आधी अंथरूण मोकळं करावं तसे.

पुढच्या आठवड्यात वहिनी दुपारी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. बाहेरच्या दाराशी काहीतरी वाजलं...

कर्रर्र.

दादा लवकर आला असेल म्हणून ती बघायला गेली.

दार आतून बंद. बाकावर कुणी नाही.

ती वळली. आणि मागून आवाज आला...

"हुश्श."

लग्नानंतर आमच्या जुन्या घरी राहत असताना वहिनीने तो आवाज कितीतरी दुपारी ऐकला होता. तिला कुणाचा ते विचारावं लागलं नाही.

तिने तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही. आपल्यालाच वेडं ठरवतील, ही भीती. पण आई दिवसेंदिवस खंगत चालली होती. रात्री झोप नाही, दुपारी झोप नाही. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे सगळं ठीक आहे. मी गोळ्या पाठवल्या. त्या तशाच सुटकेसीवर पडून राहिल्या.

शेवटी दादाचा फोन आला. "येऊन जा. आई काही फार दिवस काढेल असं वाटत नाही."

मी गेले. दुपारी पोचले. आई डोळे मिटून पडली होती. अंगात नुसती हाडं. एक हात पलंगाच्या बाहेर, हवेत... बोटं हळूहळू काहीतरी चाचपत होती. त्या कापलेल्या कडेच्या पलीकडे.

मला बघवेना. मी बाहेर आले आणि बाकावर बसले.

आणि ताडकन उठले.

बाक गरम होता.

उन्हाने तापलेला नव्हे, तिथे ऊन येतच नाही. कुणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण असतं ना... तसा.

"ठमे," आतून आईची हाक आली. मला लहानपणापासून ती ठमीच म्हणते. मी धावत आत गेले.

"भेटले का गं हे?"

"कोण, आई?"

"अगं, बाहेर दाराशीच असतात. दमून येतात आणि तिथेच बसतात. पाय पसरायला जागा नाही, वर लोकांचे बूट. आत येत नाहीत." आईचा आवाज अगदी बारीक झाला. "जन्मभर त्यांनी रात्री जागून काढल्या. आता त्यांना दाराशी झोपवायचं आणि मी इथे लोळायचं? मला झोप कशी लागेल?"

"मग आम्हाला बोलली का नाहीस?"

"सुनेने एवढ्या मायेने केलंय. तिचं मन कसं मोडू?"

वहिनी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि आपल्या हाताने सजवलेली खोली आपल्या हाताने मोडायला लागली. सुटकेसी बाहेर. गालिचा बाहेर. आरसा बाहेर. दादाने सुताराला आणलं आणि आधी खोलीचं दारच काढून टाकलं.

पलंग जोडला. पण बाबांच्या बाजूचे पाय कापलेले होते. ते काही परत येणार नव्हते. सुताराने खाली लाकडाचे ठोकळे लावले, तरी ती बाजू जराशी खालीच राहिली. वहिनी वाकून पुन्हा पुन्हा त्या ठोकळ्यांकडे बघत होती. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

"माफ करा हो बाबा," ती म्हणाली. रिकाम्या पलंगाला.

दुसऱ्या दुपारी आई आपल्या जागी आडवी झाली. आम्ही तिघं बाहेर बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बराच वेळ काहीच नाही.

मग...

कर्रर्र.

"हुश्श."

आणि आईचा झोपेतला आवाज. "आलात?"

त्या दुपारी आई दिवे लागेपर्यंत झोपली. उठली ती भूक लागली म्हणत. पुढे दोन वर्षं ती चांगली जगली. जेवायची, सुनेला चिडवायची, दुपार झाली की खोलीत जायची. आवाज रोज यायचा. आम्हाला त्याची भीती वाटेनाशी झाली होती. खरं सांगते, बरं वाटायचं.

मग आई गेली. हॉस्पिटलमध्ये, पहाटे. त्या पलंगावर नाही.

आम्हाला वाटलं, आता दोघं भेटले असतील. सगळे तसंच म्हणत होते.

आईला पोचवून आलो, त्याच दुपारी आम्ही बाहेर बसलो होतो.

कर्रर्र.

आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. हुश्श आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. कुणीतरी येऊन टेकतंय... आणि नुसतं बसून राहतंय.

ते वाट बघत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दादाच्याने ते सांगणं होईना. माझ्याच्यानेही नाही. शेवटी वहिनी उठली. डोक्यावरचे केस सारखे केले, खोलीच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि सासऱ्यांशी बोलायची तशाच हलक्या आवाजात म्हणाली,

"बाबा... आई आता नाहीत. मंगळवारी गेल्या."



मग पलंग पुन्हा वाजला. कुणी उठल्यासारखा नाही. कुणीतरी हळूहळू भिंतीकडे सरकल्यासारखा... आईच्या जागेवर.

त्यानंतर तो पलंग कधीच वाजला नाही.

बाबा आईकडे गेले असतील, असं दादा म्हणतो. मला तसं वाटत नाही. मी अजूनही दादाकडे जाते, पण दुपारी त्या खोलीसमोरून जायची वेळ आली की चप्पल हातात घेते आणि पाय न वाजवता जाते.