ऊन दाखवलेल्या दोन बाटल्या

'टक्' असा आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. चिमटा नावाच्या छोट्या यंत्रमानवाने खिडकीतल्या काचेच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या होत्या.

"मनवाताई, या दोन्ही बाटल्या उन्हात कोणी ठेवल्या?"

नऊ वर्षांची मनवा सुटीत आत्याकडे आली होती. आत्या घरामागच्या प्रयोगशाळेत त्वचेची औषधं बनवायची.

"मी," मनवा हळूच म्हणाली. "आई डाळींना, गोधड्यांना ऊन दाखवते ना. मला वाटलं, यांनाही बरं."

आत्या नुसती खुर्चीत बसली. त्यातली दुसरी बाटली, तिचं नवं औषध, उद्या तपासणीला जायची होती. नऊ महिन्यांचं काम, आणि तसा दुसरा नमुना कुठेच नव्हता. आत्या रागावली असती तर मनवाला बरं वाटलं असतं.

"पहिल्या बाटलीत काय आहे?" तिने विचारलं.

"अ-जीवनसत्त्व," आत्या म्हणाली. "त्याचा रेणू (अणू जोडून झालेला बारीक कण) म्हणजे एक किल्ली समज."

"कुठल्या कुलपाची?"

"कातडीच्या पेशींमध्ये कुलपं असतात. त्यांना ग्राहक (निरोप घेणारा भाग) म्हणतात. किल्ली बसली की पेशीला निरोप जातो, नवे धागे विण. त्या धाग्यांनी कातडी घट्ट राहते. वयाने, उन्हाने धागे झिजतात आणि सुरकुती पडते."

"मग किल्ली उन्हात ठेवली तर?"

"ही किल्ली लांब, लवचिक. उजेडात मोडते. म्हणून दुसरीत मी माझी किल्ली केली. टोक तेच, कुलपात बसणारं. फक्त मधल्या लवचिक दांड्याऐवजी अणूंची घट्ट कडी घातली. टिकेल असं वाटतंय. पण उन्हात पाहिलं नव्हतं."

चिमट्याने दोन्ही बाटल्यांतले थेंब यंत्रात घातले. मनवाने आत्याचा पदर घट्ट धरला.

"पहिलीत शंभरातले अकरा रेणू उरले," चिमटा म्हणाला. "दुसरीत सत्त्याण्णव."

आत्या हसू लागली.

"हा उन्हाचा प्रयोग मी पुढच्या महिन्यात करणार होते. तू डाळीसारखा उरकून टाकलास."

"म्हणजे उद्या बाटली जाणार?"

"जाणार. लोकांच्या हाती यायला मात्र वर्षं लागतील. आधी त्रास होत नाही ना, हे बघायचं."

आत्याच्या डोळ्यांशी बारीक रेषा उमटल्या होत्या. मनवाने त्यांवरून बोट फिरवलं.

"आत्या, तुझ्या किल्लीला कसं कळणार, यातली कुठली रेष उन्हाने पडली आणि कुठली मला हसून?"