दूध पिऊन आलेलं बाळ

त्या सोमवारी ज्ञानेश्वरी बाळाला घेऊनच कंपनीत निघाली. सासूबाई मोरीत घसरून पडल्या होत्या आणि कंबरेला पट्टा बांधून खाटेवर होत्या. नवरा, सुनील, कांद्याचा टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलेला. बाळ अजून मान धरायला लागलं होतं तेवढंच. ठेवायचं कुणाजवळ? शिवाय कामावर घेताना साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, आपल्याकडे पाळणाघर आहे म्हणून. तेव्हा तिनं दुपटी, झबली, एक मऊ गोधडी पिशवीत भरली आणि सुप्याच्या रस्त्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.

कंपनी डाळिंबाची. बाया डाळिंबं फोडायच्या, दाणे सोडवून डब्यांत भरायच्या, आणि ते डबे विमानानं परदेशी जायचे. दाणा टिकावा म्हणून हॉल बर्फासारखा गार ठेवलेला. बाहेर पारनेरचं ऊन माळ भाजून काढायचं आणि आत बायांची बोटं बधिर व्हायची. स्वेटरला बंदी, का तर लोकर दाण्यात पडते. बसायला बंदी. लघवीला जायचं तर हात वर करून सुपरवायझरची परवानगी घ्यायची, म्हणून बाया सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत.

पाळणाघर होतं, अगदी खोटं नव्हतं. ऑफिसला लागून, काचेच्या दाराचं. भिंतीवर ससे आणि मोर रंगवलेले. पाळणे कोरे, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. आणि दाराला कुलूप.

"सर, बाळाला इथं ठेवायचं हुतं..."

"ती खोली पाहुण्यांसाठी आहे, ताई," सुपरवायझर रविराज म्हणाला. नगरच्या सावेडीतून रोज गाडीनं येणारा हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही; फक्त बोलताना समोरच्याकडे बघायचा नाही. "बाहेरचे लोक तपासणीला आले की उघडतो. आज घाण झाली तर त्यांना काय दाखवू? बाळाचं तुमचं तुम्ही बघा. लाइन सुरू होतेय."

ज्ञानेश्वरीचे डोळे भरून आले. तेवढ्यात कुणीतरी कोपर धरलं. राहीबाई होती, सगळ्या बायांत जुनी. "चल माझ्यासंगं," ती पुटपुटली.

हॉलच्या मागं रिकाम्या क्रेटची खोली होती. पत्र्याचं छत, खिडकी नाही. छतात एकच मळका पांढुरका पत्रा, त्यातून झिरपेल तेवढा उजेड. निळ्या क्रेटच्या थप्प्या डोक्याच्या वर गेलेल्या, कोपऱ्यात पोत्यांचा ढीग, आणि सगळीकडे आंबलेल्या सालींचा वास. राहीबाईनं ढिगाजवळ एक क्रेट ठेवला, त्यात गोधडी अंथरली, बाळाला निजवलं.

"इथं? एकटं?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "मावशी, रडलं तर मला कळायचं बी न्हाई."

"इथं रडत न्हाईत पोरं. आमी समद्यांनी ठिवल्यात."

निघताना राहीबाई दारात थांबली, मागं वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाळ ठिवलंय गं..."

आपल्यालाच म्हणाली असेल, असं ज्ञानेश्वरीला वाटलं. पण राहीबाईचं तोंड पोत्यांच्या ढिगाकडे होतं.

जेवणाची सुटी होईपर्यंत ज्ञानेश्वरीच्या छातीचा दगड झाला. दूध भरून ठणका लागला, पोलकं भिजलं, वरचा एप्रनही ओला झाला. सुटी होताच ती पळत गेली. बाळ शांत झोपलं होतं. लंगोट बदललेला, कोरडा. ओला लंगोट पिळून क्रेटच्या कडेला वाळत घातलेला. तिनं बाळाला छातीशी घेतलं, तर त्यानं तोंड फिरवलं. पोट टम्म होतं. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा पांढरा थेंब होता.

खोलीत सालींचा वास होताच. पण त्या वासात आणखी एक वास मिसळलेला होता, ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

कुणीतरी बाई येऊन पाजून जात असेल, असं तिनं मनाला सांगितलं. त्या दिवशी तिला कृतज्ञताच वाटली. घरी जाताना गाडीत तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कोण असेल बरं? पण अंगावर पाजणारी तिच्याशिवाय त्या पाळीत दुसरी कुणीच नव्हती.

रोज तसंच होऊ लागलं. बाळ अंग धरू लागलं, गालांवर लाली आली. सुप्याच्या डॉक्टरीणबाईंनी वजन करून शाबासकी दिली. पण घरी ते तिच्या अंगावर पीत नव्हतं. तोंडात दिलं की जिभेनं बाहेर ढकलायचं, दाराकडे बघत राहायचं आणि मग असं काही रडायचं की खाटेवरच्या सासूबाई कण्हत विचारायच्या, "अगं, परक्याचं उचलून आणल्यासारखं का करतंय ते?"

ते वाक्य ज्ञानेश्वरीच्या काळजात रुतलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच नाही. बाळाला घेऊन घरात बसली. चमच्यानं पाजलं, कापसाच्या बोळ्यानं पाजलं, वरचं दूध दिलं. बाळानं सगळं थुंकून टाकलं. संध्याकाळी त्याचा आवाज बसला. सकाळी टाळू खाली गेलेली दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर नगरला न्यावं लागेल. ज्ञानेश्वरीनं रस्त्यावर येऊन पाहिलं. कंपनीची गाडी येत होती. तिनं हात केला.

क्रेटमध्ये ठेवताच बाळ गप्प झालं.

ती लाइनवर उभी राहिली, डाळिंब हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. "कुठे निघालात? परवानगी?" मागून रविराजचा आवाज आला. तिनं मागं पाहिलं नाही. क्रेटच्या खोलीचं दार तिनं बोटभर ढकललं.

वरच्या मळक्या पत्र्यातून ऊन उतरलं होतं. बाळ क्रेटमध्ये नव्हतं. ते पोत्यांच्या ढिगावर होतं, आणि पोत्यांवर टेकलेलंही नव्हतं. वीतभर वर, आडवं, कुणाच्या तरी मांडीवर असावं तसं. त्याचे ओठ हलत होते, गळा घुटकत होता. डोळे वर एका जागी लागलेले, तृप्त. खालची पोती दबली होती. पाय लांब करून, भिंतीला पाठ टेकून बाई पाजायला बसते तेवढा, त्याच आकाराचा खळगा पडला होता. आणि कुणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते. नुसतं हं... हं... दमलेल्या गळ्यातलं.

ज्ञानेश्वरीला किंचाळता आलं नाही. भीती तर वाटलीच. पण त्या गुणगुणण्यात इतकी माया होती की तिला रडू फुटलं.

तिनं दार हळूच ओढून घेतलं आणि जेवणाच्या सुटीत राहीबाईला गाठलं. "मावशी, कोन हाय ती?"

राहीबाईनं भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "चांगुणा," ती म्हणाली. "तुझ्याच जागेवर उभी राहायची. पाथर्डीकडली. ठेकेदाराच्या मानसांना कसली आली बाळंतपणाची रजा? बारसं झालं न झालं तवर बोलावनं आलं, ये न्हाईतर दुसरी बघतो. आली. पोरगी तिकडं आईपाशी ठिवली. हितं उभ्या उभ्या अंगावरून जायला लागलं, पांढरी फटक पडली. सुपरवायझर सायबाला हात वर करून सांगितलं. त्यो म्हनला, नाटकं नको, जरा पड जा क्रेटच्या खोलीत. गेली. आन् मग सीझनच्या गडबडीत समदे इसरले तिला... आमीबी इसरलो, ज्ञानू. सुटीला गेलो तर पोत्यावर बसलेली. पोलकं दुधानं भिजलेलं. कंपनीनं सांगितलं, घरी जाताना वाटंत वारली."

"आन् तुमी पोरं ठिवता तिच्यापाशी?"

"कुनापाशी ठिवायची मग?" राहीबाई म्हणाली. "माझ्या नातवाला तिनंच सांभाळला. त्यालाबी लई लळा लावलेला. पन त्यो मोठा हुता, भाकर खायचा, इसरला. तुझं लई तान्हं हाय. तिची पोरगीबी अशीच तान्ही हुती. ती आता त्याला सोडायची न्हाई बग."

रविवारी सुनील घरी होता. ज्ञानेश्वरीनं त्याला फक्त एवढंच सांगितलं, "मला पाथर्डीकडं जायचंय, गाडी काढ." तिचा चेहरा बघून त्यानं पुढं विचारलं नाही. राहीबाईनं सांगितलेल्या खुणांवरून वस्ती सापडली. चांगुणाची आई, भागिरथीबाई, दारात शेंगा फोडत होती आणि तिच्यामागं चांगुणाची पोरगी उभी होती. राजेश्वरी नाव. तीन वर्षांची झालेली, सावळी, आजीचा पदर दातात धरून. बाप दुसरं लग्न करून गेलेला.

"चांगुणासंगं कामाला हुते मी," ज्ञानेश्वरीनं खोटं सांगितलं. म्हातारीनं तिचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. ज्ञानेश्वरीनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचे केस विंचरले, ती काय खाते, कशाला भिते, झोपताना काय मागते, सगळं विचारून घेतलं. जाताना म्हातारीला मोबाईल नंबर दिला.

सोमवारी ती बाळाला घेऊन क्रेटच्या खोलीत गेली, पण त्याला खाली ठेवलं नाही. पोत्यांसमोर जमिनीवर बसली. ओव्याचा वास हळूहळू दाट झाला. पोती दबली. कुणीतरी समोर बसलं.

"चांगुणाताई," ती म्हणाली. "तुमची पोरगी बघून आले मी... राजेश्वरी. लई गोड हाय. तुमच्या आईच्या घरी हाय, पाथर्डीकडं. गूळ-शेंगा खाती. कोंबड्याला भिती. झोपताना आजीचा कान धरती... ती वाट बघत असंल ओ तुमची. माझं मला द्या. तुमच्या पाया पडते..."

खोलीत काहीच हललं नाही. मग बाळाच्या टाळूवर, ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांदेखत, जावळ हळूच एका बाजूला सारलं गेलं, हात फिरवावा तसं. अंगावर गार वारा आला आणि दाराकडे गेला. पोती सावकाश वर उठून सपाट झाली. बाळ कुरकुरलं, चाचपडलं आणि तिच्या छातीला बिलगून घटाघट पिऊ लागलं. ती तिथंच बसून पाजत राहिली, रडत राहिली. लाइन सुरू होऊन बराच वेळ झाला होता.

बाहेर आली तेव्हा रविराज उभा होता. ती त्याच्या शेजारून ऑफिसात गेली, खिळ्यावरची किल्ली काढली, काचेचं दार उघडलं आणि पाळण्यावरचं प्लास्टिक फाडून बाळाला आत निजवलं. "ताई, उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. तेवढ्यात त्याला मागं पावलं ऐकू आली. हॉलमधल्या बाया एकेक करून बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या, राहीबाई सगळ्यात पुढं. फाटकात डाळिंबाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. पहिल्यांदाच रविराजनं त्यांच्या तोंडांकडे नीट बघितलं असावं. तो बाजूला झाला, आणि ज्ञानेश्वरी दुसऱ्या दिवशीही कामावर आली. किल्ली राहीबाईकडे राहिली. हॉल गारच राहिला, उभं राहणंही सुटलं नाही. पण पाजायला जाताना हात वर करायचं मात्र बायांनी सोडून दिलं.

पाळणाघरात पोरं रडायला लागली, चारचौघांसारखी. तो आवाज ऐकून ज्ञानेश्वरीला हायसं वाटायचं. क्रेटच्या खोलीत आता सालींचाच वास होता.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी मोबाईल वाजला. भागिरथीबाई होती.

"बाई, तू आल्यापासून पोरीचं कायतरी येगळंच चाललंय," म्हातारी म्हणाली. तिला धाप लागली होती. "लई खुशीत अस्ती. एकटीच हसती. आधी वाटलं, बरं झालं. पन आता उठली की वाटंला लागती. तीनदा धरून आनली. आज तर पार डांबरी रोडपातुर गेल्ती, नगरच्या बाजूला, तुमच्या कंपनीची वाट हाय तिकडं."

"एकटीच?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.



"दिसती तर एकटीच..." म्हातारी म्हणाली. "पन चालताना एक हात वर धरून चालती गं... मोठ्या मानसाचं बोट धरावं तसा."